बॉम्बच्या विषयावर ग्रामसभा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. नांदेडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा छापखाना होता, अजूनही आहे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मधल्या दारातून शाईचा वास स्वयंपाकघरात यायचा आणि फोडणीचा वास छापखान्यात जायचा. संध्याकाळी जेवणं झाली की ताज्या पत्रकांचा गठ्ठा सतरंजीवर यायचा आणि आई, मी, घरात पाहुणा असेल तर तोसुद्धा, घड्या घालायला बसायचो. घडी घालताना नजर पडायचीच. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी लिहिता येत होते. वसतिगृहातलं आळ्या पडलेलं वरण, गायरानावरची अतिक्रमणं, नळाला न येणारं पाणी, गावात अडवलेली मिरवणूक. माझं भूगोलाचं पुस्तकही तेच आणि नागरिकशास्त्राचंही.

वडिलांचा एक नियम होता. पत्रकाच्या खाली छापणाऱ्याचं नाव टाकावं लागतं, तसा कायदा आहे. पुष्कळ जण टाकत नाहीत. वडील टाकायचे, ठळक अक्षरात. "खाली आपलं नाव हाय," ते म्हणायचे, "मंग वर एक अक्षर बी खोटं चालणार न्हाई." रागाला त्यांची हरकत नव्हती, शिवराळपणाही एखाद वेळी खपायचा. पण मोर्चाला शेकड्यानं माणसं आली असतील तर 'हजारोंचा जनसागर' छापायला ते साफ नकार द्यायचे. गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या छापखान्यात जायचं. आई कपाळाला हात लावायची.

एक पत्रक मात्र कोणी गिऱ्हाईक नसताना दरवर्षी निघतं, बुद्धपौर्णिमेला. त्याची सुरुवात माझ्या जन्माआधीची आहे, पण ती इतक्या वेळा ऐकली आहे की मी तिथं हजर होते असंच वाटतं. देशानं पहिल्यांदा अणुस्फोट केला तेव्हा त्याला बुद्धाचं हसू जोडलं गेलं. बुद्ध हसला, असा निरोप म्हणे दिल्लीला गेला. वडिलांनी हे कुठंतरी वाचलं होतं आणि ते त्यांना सलत होतं. पुढं दुसऱ्यांदा स्फोट केले ते नेमके बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. वडील तेव्हा तरुण होते. पांढरा सदरा घालून विहाराबाहेर पातेल्यातून खीर वाटत होते. संध्याकाळी चौकात फटाके वाजायला लागले आणि ओळखीचा एक दुकानदार पेढ्यांचा पुडा घेऊन विहाराशी आला.

"घ्या की," तो म्हणाला, "आज तर तुमचाच सण हाय. डबल आनंद."

वडिलांनी हात मागे घेतला. म्हणाले, "तुम्ही खीर घ्या. आम्ही पेढा न्हाई खाणार."

त्या दुकानदाराच्या पावतीपुस्तकांचं काम दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. वडिलांनी स्वतःच्या कागदावर पत्रक काढलं. मथळा होता, 'आमच्या बुद्धाचं हसू परत द्या.' वाटताना एकानं तोंडावर चुरगाळून फेकलं. ते वडिलांनी उचललं, मांडीवर सरळ केलं आणि पुढच्या माणसाला दिलं.

मी या घरातली आहे. कॉलेजात 'अण्वस्त्रं हवीत की नकोत' या विषयावर मी 'नकोत' या बाजूनं बोलायला उभी राहिले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं होतं, "पाकिस्तानची गाडी मुदखेडहून सुटती, जा!" सगळा वर्ग हसला. मी भाषण संपवूनच खाली बसले.

यंदाचं पत्रक लिहायचं काम वडिलांनी माझ्याकडे दिलं. लिहायला कारणही मोठं होतं. जगातली बहुतेक सगळी अण्वस्त्रं ज्या दोन देशांकडे आहेत, त्यांना बांधून ठेवणारा शेवटचा करार यंदा फेब्रुवारीत संपला. एवढीच ठेवायची, एकमेकांची मोजून घ्यायची, अशी त्यात अट होती. त्याच्या जागी नवा करार काही आला नाही. आमच्या छापखान्यासमोरच्या हॉटेलात एक निवृत्त गुरुजी रोज पेपर वाचायला येतात. त्यांचा नव्या माणसावर फार विश्वास. कुठल्याही देशात नवा माणूस खुर्चीवर बसला की गुरुजींना पालवी फुटते.

"व्यापारी माणूस हाय तो," त्या दोनांपैकी एका देशाच्या नव्या अध्यक्षाबद्दल ते म्हणाले, "बॉम्ब पुसत बसण्यात त्याला काय फायदा? सौदा करंल बघ. बघू की काय करतंय ते."

"गुरुजी, आधी म्हणला बॉम्ब कमी केले पाहिजेत. मग म्हणला चाचण्या पुन्हा सुरू करा. अजून काय बघायचं?"

"तू लहान हाईस. राजकारणात बोलायचं एक असतंय."

"करायचं दुसरं. माहीत हाय."

गुरुजी हसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्यांच्यावर चिडणं अवघड आहे. पण मी चिडले होते. दरवेळी नवा माणूस येतो, आपण आपली आशा त्याच्या दारात फुकट नेऊन ठेवतो आणि वर म्हणतो, बघू. आपल्याकडंसुद्धा तेच. आपण पहिला बॉम्ब टाकणार नाही, असा शब्द या देशानं जगाला दिलेला आहे. अधूनमधून कोणीतरी मोठा माणूस उठून म्हणतो, पुढचं काही सांगता येत नाही. त्यावर टीव्हीवर एक दिवस चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट असतं. मला बघत बसायचं नव्हतं. मला विचारायचं होतं. पण आम्हाला विचारतंय कोण, आणि आम्ही विचारायचं कुठं?

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या बाजूला तिचं सासर. भूकंपात पडलेल्या गावांपैकी ते एक. जुनं गाव ओढ्याच्या पलीकडे ढिगाऱ्यासारखं पडून आहे, त्यावर आता बाभळी माजल्यात. नवं गाव अलीकडच्या माळावर, वहीतल्या चौकटीसारखे सरळ रस्ते असलेलं. घरं देताना जमिनीचा हिशोब लावला होता. ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, भूमिहीनाला सगळ्यात लहान. त्यामुळं जमीन हलली तरी उतरंड जागच्या जागी राहिली आणि आमच्या माणसांच्या वाट्याला टोकाची लहान घरं आली. गेल्या वेळी तिथलं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि आत्या निवडून आली.

"खुर्चीवर बसल्यापासून मी नुसत्या सह्या करायलेय," ती फोनवर म्हणाली. "उपसरपंच ठरवतंय, ग्रामसेवक लिवतंय, मी सही करायलेय. गटार, दिवाबत्ती, पुन्हा गटार. मला एक ठराव माझा पाहिजे माय. एकच. ह्या खुर्चीवर मी बसले होते म्हणून."

"कशाचा?"

"तुझा बाप दरसाल छापतंय की. त्याचा."

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आणि बुद्धपौर्णिमा यंदा एकाच दिवशी येत होत्या, हे तिनं कॅलेंडरमध्ये आधीच बघून ठेवलं होतं.

मी ठराव लिहिला. वडिलांनी त्यातली विशेषणं काढून टाकली. उरलं ते एवढं: त्या दोन देशांच्या नव्याजुन्या नेत्यांनी ताबडतोब बोलणी सुरू करावीत, आणि करार संपला म्हणून अस्त्रं वाढवू नयेत. कुठल्याही देशानं नवी चाचणी करू नये. आणि आपल्या सरकारनं, आज जे आहे त्यानं आणि उद्या जे येईल त्यानंही, आपण पहिला वापर करणार नाही हा शब्द मोडू नये. गावाचं नाव, तालुका, जिल्हा. बास.

आदल्या दिवशी मी निघाले. लातूरला गाडी बदलली. गावात उतरले तेव्हा ऊन उतरत आलं होतं आणि फाट्यावरच्या पानटपरीशी नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती. मला बघून सगळ्यांनी माना वळवल्या. एक म्हातारा जवळ आला.

"तू सरपंचाची भाची का गं? नांदेडची? मोजणी कधी हाय?"

"कसली मोजणी?"

"आता लपवू नगं. कळलंय सगळं."

घरी पोचले तर आत्याच्या दारात बायकांची दाटी. एकीच्या डोळ्याला पाणी होतं. आत्या उंबऱ्यात बसून सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती आणि कोणाचाही विश्वास बसत नव्हता.

झालं असं होतं. सकाळी पंचायतीच्या शिपायानं भोंग्यावरून दवंडी दिली. ग्रामसेवकानं त्याला सगळा ठराव वाचायला सांगितला होता. एवढं कोण वाचणार म्हणून त्यानं आपल्या सोयीनं आटोपतं घेतलं: "उद्या अणुबॉम्बच्या विषयावर ग्रामसभा हाय होऽ, सगळ्यांनी हजर राहावं." आमच्या भागात भोंगा वाजवून सगळ्यांना बोलावणं येतं ते एकाच कामाला, जमीन घ्यायची असली की. शेजारच्या शिवारात नव्या रस्त्यासाठी मोजणीचे दगड रोवून गेलेले होतेच. दुपारपर्यंत गावानं बाकीचं स्वतः जुळवलं. बॉम्बचा कारखाना येणार. जागा कोणती? जुनं गावठाण. तिथं कोणी राहत नाही म्हणून सरकारचा त्याच्यावर डोळा. आणि सरपंच आमच्या टोकाच्या घरांतली, म्हणजे सरकारची फितूर.

जुन्या गावठाणात कोणी राहत नाही हे खरं. पण प्रत्येक घराला आपला ढिगारा माहीत आहे. ज्यांची माणसं सापडली नाहीत ते दरवर्षी तिथं जाऊन दगडावर दिवा ठेवतात. आत्याचीही एक नणंद तिथंच कुठंतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं शिपायाला पुन्हा भोंग्यावर पाठवलं. कारखाना नाही, जमीन जाणार नाही. गाव म्हणालं, बघा, आता झाकायलेत.

एरवी या गावची ग्रामसभा भरत नाही. कोरम पुरा व्हावा म्हणून शिपाई घरोघर जाऊन हात जोडतो, तरी तहकूब होते. त्या दिवशी झेंडावंदन झाल्यापासून माणसं हलली नाहीत. पंचायतीपुढच्या मांडवात जागा उरली नाही तेव्हा पोरं पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढून बसली. बायका डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, आणि त्यांच्यात आमच्या टोकाच्या घरांतल्या, विहारात जायचं म्हणून पांढरी लुगडी नेसून आलेल्या.

ग्रामसेवकानं विषय वाचायला तोंड उघडलं तसा मागून आवाज आला, "मंजूर! बॉम्ब नको! एक इंच देणार न्हाई!"

"मंजूर! मंजूर!" सगळा मांडव उठला. सूचक मी, अनुमोदक मी, म्हणून दहा जणांनी हात वर केले. उपसरपंच आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते तिच्याकडे वाकले. मी मागंच उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"अक्का, राहू द्या. झाला बघा तुमचा ठराव. सर्वानुमते. इतकं एकमत तर गावात लग्नाला बी होत न्हाई."

"त्यांना वाटायलंय जमीन चाललीय."

"वाटू द्या की. कागदावर काय वाटलं ते थोडंच लिवतेत? लिवलं ते लिवलं. सही करा, चला जेवायला."

मी आत्याच्या खांद्याला हात लावला. मला बोलायचं होतं, पण मी त्या गावची मतदार नाही, अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काय बोलायचं तेही कळत नव्हतं. समोर अख्खं गाव 'बॉम्ब नको' म्हणून ओरडत होतं. वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली, पण असा आवाज त्यांच्या कानावर कधी पडला नव्हता. आत्याला हवा होता तो तिचा एक ठराव तिच्या हाताशी आला होता.

"आत्या," मी म्हणाले.

"मला कळतंय," ती मान न वळवता म्हणाली. "तुझ्या बापाचीच बहीण हाय मी."

ती उठली. माईक तिच्या तोंडाच्या फार जवळ आला आणि किंचाळला.

"गप बसा. आधी ऐका. कारखाना येणार न्हाई. तुमची जमीन जाणार न्हाई. जुनं गावठाण हाय तिथं हाय. तुम्ही ज्याला मंजूर म्हणलात ते तुम्हाला माहीतच न्हाई. मला असलं मंजूर नको. माझा ठराव निराळा हाय, तो ऐका आणि मग बोला."

तिनं ठराव स्वतः वाचला. अडखळत वाचला, कारण लिहिलेली भाषा माझी होती. मांडवात हसू पसरलं.

"म्हंजी, बॉम्ब इथं येणारच न्हाई?"

"न्हाई."

"मंग आम्हाला कशाला बोलावलं? सोयाबीनच्या भावाचं बोला की!"

"सरपंचबाई आता परदेशात पंचायत करायल्या!" कोणीतरी म्हणालं. "व्हिसा काढा अक्काचा!"

आणि माणसं उठू लागली. जमीन जाणार नाही म्हटल्यावर त्यांचं काम झालं होतं. मांडव एका बाजूनं रिकामा होत गेला. उपसरपंचांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. ग्रामसेवकानं पेनाला टोपण लावलं.

"अक्का, कोरम ऱ्हाईना. तहकूब लिहू?"

तेव्हा पुढच्या रांगेतून मेजर उठले. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात. ते फौजेतून निवृत्त झाले हवालदार म्हणून, पण ती दुरुस्ती करायचं त्यांनीही सोडून दिलं आहे. ते थेट मांडवाबाहेर गेले. मला वाटलं, गेले तेही. बाहेरून त्यांचा आवाज आला, कवायतीच्या मैदानावरचा.

"कुठं निघालात? फिरा मागं! मला विरोध करायचाय ह्या ठरावाला. विरोध करायला बी सभा लागती. तुम्ही पळालात तर मी कुणापुढं करू, म्हशीपुढं?"

माणसं हसली, पण फिरली. सगळी नाही, पुरेशी. काही बाहेरच कडुलिंबाखाली उभी राहिली, कान इकडे ठेवून.

मेजर आत आले आणि माईक न घेता बोलले. "मी सरहद्दीवर उभा राहिलोय. समोरच्याकडं काय हाय हे मला माहीत हाय. आपल्याकडं बॉम्ब हाय म्हणून तो दबून हाय. पहिला टाकणार न्हाई असं आधीच सांगून बसलं तर दबतंय कोण? पोरगी शिकलेली हाय, चांगलं लिवती. पण हे कागदावरचं हाय. माझा विरोध. लिवून घ्या."

कोणी टाळ्या वाजवल्या. टाकीवरच्या पोरांपैकी एकानं घोषणा दिली. माझ्याकडे उत्तरं होती, पाठ होती, कॉलेजपासूनची. मी आत्याकडे बघितलं. ती मला परवानगी देईल असं वाटलं. तिनं दिली नाही. ती स्वतः बोलली, आणि अध्यक्षाच्या आवाजात नाही, ओट्यावर बसून बोलावं तसं.

"मेजर, तुमची आई ढिगाऱ्यातून कुणी काढली?"

मेजरांनी मान ओढ्याकडे वळवली.

"सांगा की. तुम्ही तवा नोकरीवर होता. तार मिळून यायला तुम्हाला उशीर झाला."

"फौजेनं," मेजर म्हणाले. "माझी पलटण न्हाई. दुसरीच. मी आलो तर मदराशी जवान आमच्या घराचा दगड उचलत होते. माझी भाषा त्यांना येत नव्हती, तरी त्यांनीच काढली."

"माझी सासू माझ्या भावानं काढली. नांदेडहून ट्रकात बसून आला होता, हिच्या बापानं. सोलापूरची पोरं होती. गुलबर्ग्याहून भाकरी आल्या. भाकरी आल्या म्हणून जगलो का न्हाई? आपलं सगळं पडलं होतं, पण बाहेर सगळं उभं होतं. बाहेरून माणसं आली." ती थांबली. "मेजर, तो बॉम्ब इथं पडला, समजा तिथं बी पडला, मंग बाहेर कोण ऱ्हाईल? कोण येईल उकरायला? कुठून येतील भाकरी?"

बायकांच्या बाजूला एक म्हातारी पदराच्या टोकानं नाक पुसत होती.

"म्हणून तर तो पडू नये म्हणून ठेवलाय," मेजर म्हणाले. आवाज खाली आला होता, मत हललं नव्हतं. "मी बी तेच म्हणायलोय, अक्का. ज्याची माणसं ढिगाऱ्यात गेली त्याला पडावा वाटंल का? पण मला माझं खरं वाटतंय."

"वाटू द्या की. लिवून घेतो तुमचं."

इथं उपसरपंच मध्ये पडले. त्यांना गावातलं भांडण पुढं न्यायचं नव्हतं. "असं करू. बाहेरच्या देशांना सांगायचं तेवढं ठेवा. आपल्या सरकारचं वाक्य काढून टाका. मेजर बी हो म्हणतील, मी बी म्हणतो. सर्वानुमते करू आणि उठू."

या गावात ठराव असेच होतात. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. ज्याला पटत नाही तो मतापुरता तंबाखू थुंकायला बाहेर जातो. हात मोजलेले कोणाला आठवत नव्हते. आत्या मेजरांकडे वळली.

"तेवढं काढलं तर हो म्हणाल?"

मेजर म्हणाले, "म्हणीन. पण मग ठराव कशाला? दुसऱ्याला अक्कल शिकवायला गावाचा ठराव लागतंय व्हय?"

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. माझ्या मनातलं वाक्य माझ्या विरोधकाच्या तोंडून आलं होतं.

"ऐकलं?" आत्या उपसरपंचांना म्हणाली. "काढणार न्हाई. हात मोजा."

ग्रामसेवकाला हात मोजायची सवय नव्हती. त्यानं दोनदा चुकून पुन्हा सुरुवात केली. आमच्या टोकाच्या घरांचे हात आधी वर गेले, त्यात नवल नव्हतं. मग ती नाक पुसणारी म्हातारी. ती मोठ्या घरांतली होती. तिच्या सुनेनं तिचा हात खाली ओढला, तिनं दुसरा वर केला. मग इकडं एक, तिकडं एक. लिंबाखालच्या काहींनी बाहेरूनच हात वर केले आणि ते धरायचे का यावर पुन्हा वाद झाला. मेजर ओरडले, "आत या आणि मग वर करा!" ते आत आले. विरोधातले हातही भरपूर होते. उपसरपंचांना नेमका तेव्हाच फोन आला आणि ते बोलत बोलत मांडवाबाहेर गेले.

ठराव मंजूर झाला. अगदी थोड्या हातांच्या फरकानं झाला.

ग्रामसेवकानं लिहून वही आत्यापुढे सरकवली. तिनं सहीआधी वाचलं आणि पेन ठेवलं. सवयीनं त्यानं शेवटी लिहिलं होतं, 'सर्वानुमते मंजूर'.

"हे खोड."

"अक्का, तसंच लिवायची पद्धत हाय."

"खोड. बहुमतानं लिव. आणि मेजरनं काय म्हणलं ते बी लिव. सगळं."

त्यानं खोडलं आणि लिहिलं. मग तिनं सही केली, नेहमीपेक्षा मोठी, ओळीच्या बाहेर जाणारी.

विहारातून खिरीची बादली मांडवातच आली. मेजरांनी पेला घेतला, दुसराही मागितला आणि गूळ कमी पडलाय म्हणून शेरा मारला.

ठराव तहसीलला गेला. तिथं तो कुठल्या टेबलावर ठेवायचा हे कोणालाच ठरवता येईना. दिवाबत्तीत बसेना, पाणीपुरवठ्यात बसेना. एका बाबूनं आत्याला फोन करून विचारलं, "बाई, ह्यात आमच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे?" आत्या म्हणाली, "वर पाठवा." तो म्हणाला, "वर म्हणजे कुठं?" ती म्हणाली, "जिथपर्यंत वर हाय तिथपर्यंत." गुरुजींना हॉटेलात मी हे सांगितलं तेव्हा ते चहा सांडेपर्यंत हसले. मग पेपरची घडी घालत म्हणाले, "पण एक बघ, नवीन माणूस हाय, कोण जाणे, वाचलं तर." मी त्यांना म्हणाले, वाचेल की नाही हा त्याचा प्रश्न. आम्ही लिहिलं आहे, हात मोजून लिहिलं आहे. पुढचा नवा माणूस आला की त्यालाही पाठवू, आणि त्याच्या पुढच्यालाही. थकायचं असेल तर त्यांनी थकावं.

वडिलांनी तो ठराव पत्रक म्हणून छापला. मी आणलेला मजकूर त्यांनी चष्मा लावून वाचला आणि 'बहुमताने' या शब्दापाशी थांबले. त्यांनी त्याला बोट लावलं, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे दिवस गेले तरी ती सवय गेलेली नाही. मग मेजरांचा विरोध वाचला. मला वाटलं, जागा नाही म्हणून तो गाळतील.

"हे ठळक घे," ते म्हणाले. "ठरावाच्याच अक्षरात. लहान न्हाई."

"आपल्याच पत्रकात आपल्या विरोधातलं?"

"खाली नाव माझं हाय."

गठ्ठा घेऊन मी पुन्हा गावी गेले. मेजर फाट्यावरच भेटले, एसटीची वाट बघत, इस्त्रीचा सदरा घालून. मी एक पत्रक दिलं. त्यांनी ते उभ्यानं दोनदा वाचलं. ओठ हलत होते. स्वतःच्या वाक्यापाशी आले तेव्हा मान हलवली.

"नीट छापलंय," ते म्हणाले. "एक शब्द बी बदलला न्हाई." मग हात पुढं केला. "अर्धा गठ्ठा दे."

"कशाला?"

"निलंग्याला चाललोय. माजी सैनिकांची बैठक हाय. तिथं वाटतो."

"तिथं तुम्हाला शिव्या पडतील, मेजर."

"पडू दे. माझं म्हणणं बी हाय ना त्यात? मग निम्म्या शिव्या माझ्या." एसटी आली. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि वळून हात तसाच धरला. "आण लवकर. ही गाडी कोरमसाठी थांबत न्हाई."

मी दोरी सोडली आणि हाताला येतील तेवढी पत्रकं त्यांच्या हातात दिली.